दादर युनियन की शिवाजी पार्क? आणि भारताकडून न खेळलेला सर्वात मोठा क्लब खेळाडू कोण?

कट्टेकरी
मंडळी, परवा भाच्याने विचारलं, "मामा, गावसकर कुठल्या टीमकडून खेळायचे?" म्हटलं, दादर युनियन. तर म्हणे, "मालक कोण तिचा?"

दोन मिनिटं काही सुचेना. मग म्हटलं, हिला मालक नाही, हा क्लब आहे. माटुंग्याला दडकर मैदानावर नेट्स लागायचे, स्वतःचं किट स्वतः उचलून आणायचं आणि उशीर झाला तर बाहेर बसायचं. त्याला काही ते झेपलं नाही. पण सांगता सांगता मीच अडकलो. रुळांच्या पूर्वेला दादर युनियन : माधव मंत्री, गावसकर, वेंगसरकर, रामनाथ पारकर. पश्चिमेला शिवाजी पार्क जिमखाना : वाडेकर, रमाकांत देसाई, संदीप पाटील, प्रवीण आमरे. ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. पण क्लब काय फक्त टेस्ट खेळलेल्यांवर चालतो? दर रविवारी चिखलात कोण उतरायचं?

तर प्रश्न असा : या दोन क्लबांपैकी (किंवा तुमच्या गावच्या क्लबातला) असा सर्वात मोठा खेळाडू कोण, जो भारताकडून टेस्ट खेळलाच नाही? कारणासकट लिहा. नुसतं नाव टाकून पळायचं नाही.

ओली_विकेट
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर.

गुगली
यात प्रश्न कसला? पद्माकर शिवलकर. धागा बंद करा.

कट्टेकरी
@गुगली, कारणासकट म्हटलं होतं.

गुगली
बरं, घ्या. प्रथम श्रेणीत १२४ सामने, ५८९ विकेट, सरासरी २० च्या आत. १९७२-७३ ची रणजी फायनल, चेपॉक. मुंबई पहिल्या डावात १५१ वर गारद. मद्रासचे लोक खुश असणार, कारण समोर वेंकटराघवनचा तमिळनाडू. मग शिवलकरांनी १६ रन देऊन ८ काढले, तमिळनाडू ८० ऑल आउट. दुसऱ्या डावात परत १८ मध्ये ५, तमिळनाडू ६१. तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर मॅच खलास. पाच दिवसांची तिकिटं काढलेल्यांचं काय झालं असेल देव जाणे.

आणि टेस्ट किती? शून्य. कारण एकच, बिशनसिंग बेदी. दोघेही डावखुरे फिरकीपटू. एकाच काळात जन्माला आले हा काय तो गुन्हा.

रविवारची_भाकरी
+१ शिवलकर. १९८७-८८ ला ४७ व्या वर्षी मुंबईने त्यांना परत रणजीला बोलावलं होतं हेही लिहा. ४७! मी ४७ व्या वर्षी जिना चढून आलो की बायको पाणी घेऊन उभी असते.

माटुंगावासी
शिवलकरांबद्दल आदर आहेच, पण धाग्याचं नाव बघा. आधी दादर युनियन लिहिलंय. आमच्याकडचं नाव सांगतो : विठ्ठल पाटील, ऊर्फ मार्शल. कांगा लीगमध्ये साडेसातशेच्या वर विकेट. ज्यांना कांगा लीग म्हणजे काय ते माहीत नाही त्यांना हा आकडा कळणार नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

दुसरं नाव वासू परांजपे. प्रथम श्रेणीत २९ सामने आणि आठशेच्या आतबाहेर रन. कागदावर बघाल तर म्हणाल, यात काय विशेष. पण दादर युनियनचे कॅप्टन तेच, आणि गावसकरांना 'सनी' हे नाव दिलं तेही त्यांनीच. पुढे कित्येक पोरांचं तंत्र न बिघडवता त्यांना मोठं केलं. शिवाजी पार्कात टॅलेंट होतं हो, नाही म्हणत नाही. पण शिस्त आमच्याकडे. माधव मंत्रींच्या हाताखाली इस्त्री नसलेली पँट घालून कोणी मैदानात आलाय असं कधी ऐकलं नाही.

पार्काची_लाल_माती
आली इस्त्री! मला वाटलंच होतं, तिसऱ्या-चौथ्या प्रतिसादाला इस्त्री येणार.

अहो काका, १९७१ ला वेस्ट इंडिज आणि इंग्लंड दोन्हीकडे जिंकलो तेव्हा कॅप्टन कोण होता? शिवाजी पार्क जिमखान्याचा वाडेकर. तुमचा इस्त्रीवाला ओपनर आमच्या कॅप्टनच्या हाताखाली खेळत होता.

माटुंगावासी
खेळत होता म्हणजे? ४ टेस्टमध्ये ७७४ रन केले त्याने. कॅप्टन जिंकतो तो कोणाच्या जिवावर ते पण लिहा.

पार्काची_लाल_माती
त्याच मालिकेतले दिलीप सरदेसाईंचे ६४२ विसरलात. ते ना तुमचे ना आमचे, गोव्याहून आलेले.

मिष्टर_पंच
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

ओली_विकेट
आता सविस्तर लिहितो. मी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कांगा लीगच्या सगळ्यात खालच्या डिव्हिजनांपैकी एकात चार मोसम खेळलो. क्लबचं नाव सांगत नाही, कारण आमची कामगिरी बघता क्लबला ते आवडणार नाही.

ज्यांनी बघितलेली नाही त्यांच्यासाठी : कांगा लीग १९४८ पासून सुरू आहे आणि ती मुद्दाम पावसाळ्यात ठेवतात. डॉ. होरमसजी कांगांच्या नावाने. खेळपट्टी उघडी, आउटफिल्डला घोट्यापर्यंत गवत. सकाळी कॅप्टन आणि पंच पिचवर जाऊन अंगठा दाबून बघतात. अंगठा किती आत जातो त्यावर पुढचं सगळं. कोपऱ्यात लाकडाच्या भुशाचं पोतं असतं. बॉलर मूठभर भुसा पायाशी टाकतो, त्यावर पाय रोवतो, दोन ओव्हर झाल्या की त्या जागी खड्डा आणि खड्ड्यात पाणी.

बॅटिंगचं गणितच वेगळं. चेंडू थांबून येतो. तुम्ही ड्राइव्ह मारायला जावं तर बॅट आधी पोचते, बॉल मागून, आणि कव्हरच्या हातात लोलीपॉप. बरं, ड्राइव्ह बरोबर लागला तरी गवतात दहा पावलांवर बॉल बसतो, एक रन पण कष्टाने. म्हणून फटका हवेतच मारावा लागतो, आणि हवेत मारला की झेल. आमच्यात म्हण होती, कांगातले ३० म्हणजे बाहेरचे १००.

एक प्रसंग. आझाद मैदान, ऑगस्ट, पाऊस नुकताच थांबलेला. माझ्या बॅटला एक बॉल चुकून नीट लागला आणि मिडविकेटकडे गेला. फिल्डर धावला आणि गवतात बॉल शोधू लागला. आम्ही पळतोय. दोन झाले, तीन झाले. पार्टनर ओरडतोय "अजून एक, अजून एक". शेवटी बॉल सापडला तो शेजारच्या मॅचच्या थर्डमॅनच्या बुटाखाली. तो बिचारा त्याच्या मॅचमध्ये गुंतलेला, आपल्या पायाखाली दुसऱ्याचा बॉल आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. तोवर आमचे पाच झाले होते. पंचांनी पाचच दिले. सहावा मी अर्ध्यावर घसरून पडलो म्हणून राहिला. त्या मोसमातला तो माझा सर्वोच्च स्कोअर : ७.

आता सांगा, असल्या विकेटवर साडेसातशे विकेट काढणं सोपं की अवघड? लोक म्हणतील, ओल्या विकेटवर कोणीही काढेल. मी चार मोसमांत काढल्या अकरा. ओल्या विकेटवर चेंडू वळतो सगळ्यांचाच, टप्पा मात्र पडावा लागतो एकाच जागी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

रविवारची_भाकरी
सर्वोच्च स्कोअर ७, त्यातले ५ दुसऱ्याच्या बुटाखाली. दंडवत घ्या.

चिंचेची_सावली
हे वाचून आझाद मैदान जसंच्या तसं दिसलं. एकावेळी इतक्या मॅचेस की तुमचा स्लिप दुसऱ्याचा पॉइंट. आम्हाला एकदा भलत्याच मॅचचा झेल घेतल्याबद्दल टाळ्या मिळाल्या होत्या.

पेठेतला_पाहुणा
मुंबईकरांचं भांडण संपलं असेल तर एक पुणेरी मुद्दा मांडू का? भारताकडून न खेळलेला सर्वात मोठा खेळाडू शोधायला रूळ ओलांडून दादरला कशाला जायचं? डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ नाबाद. ब्रॅडमनचा तेव्हाचा विक्रम ४५२. महाराष्ट्र ४ बाद ८२६. मधल्या सुट्टीत काठियावाडच्या कॅप्टनने खेळायलाच नकार दिला आणि मॅच सोडून दिली. दहा रन हवे होते, दहा!

आणि निंबाळकर एकही टेस्ट खेळले नाहीत. आता बोला.

कोल्हापुरी_चप्पल
थांबा जरा. भाऊसाहेब कोल्हापूरचे. मैदान पुण्याचं असलं म्हणून माणूस पुण्याचा होत नसतोय.

पेठेतला_पाहुणा
मैदान पुण्याचं, म्हणून रन पुण्यात झाले एवढंच म्हटलं. कोल्हापुरात झाले असते तर बॉल रंकाळ्यात गेला असता आणि मॅच तिथंच थांबली असती.

कोल्हापुरी_चप्पल
काठियावाडचा कॅप्टन थांबवून गेला ते चाललं का मग तुम्हाला?

गुगली
@पेठेतला_पाहुणा, मुद्दा तगडा आहे, पण धागा क्लबचा आहे. ४४३ रणजीतले. क्लबसाठी रविवारी कोण उतरलं हा प्रश्न आहे.

पेठेतला_पाहुणा
मग क्लबचाच विषय तर पळवणकर बाळू घ्या. ते पुण्यातल्या युरोपियनांच्या जिमखान्यात नोकरीला होते. पिचवर रोलर फिरवायचा, नेट लावायचं आणि गोऱ्या साहेबांना बॉलिंग टाकायची. बॅटिंग मात्र द्यायचे नाहीत. पुढे पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला त्याच साहेबांना हरवायचं होतं, तेव्हा बाळूंची आठवण झाली. मैदानात खांद्याला खांदा, आणि चहाच्या वेळी जातीमुळे त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराच्या वर विकेट काढल्या. तेव्हा भारताची टेस्ट टीमच नव्हती, त्यामुळे तुमच्या प्रश्नात ते बसतात की नाही ते तुम्हीच ठरवा.

कट्टेकरी
बसतात. आणि हे भाच्याला सांगायला हवं. मालकाचा प्रश्न तिथे वेगळ्याच अर्थाने येतो.

स्कोअरर_ताई
सगळं वाचलं. छान चाललंय, पण अजून एकाही बाईचं नाव नाही. १९७३ ला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली, टीम किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र, उत्तर प्रदेश. तुम्ही म्हणताय टेस्टला जागा मिळाली नाही. आमच्याकडे आधी जागाच नव्हती, मग टेस्ट कुठून. मैदान मिळायचं तेही पुरुषांची मॅच नसेल तेव्हा.

मी स्वतः खेळले नाही, स्कोअरिंग केलं. एका क्लबच्या वहीत अकरा वर्षं. पावसाळ्यात स्कोअरबुकाचं पान ओलं होऊन शाई पसरते म्हणून मी पेन्सिल वापरायचे आणि दुपारी तंबूत बसून पेनने गिरवायचे. एकदा पेन्सिलने मांडलेला एक लेग बाय गिरवताना रन झाला आणि एका साहेबांचे ४९ चे ५० झाले. ते आजही सगळ्यांना अर्धशतक म्हणून सांगतात. मी काही बोलत नाही.

रविवारची_भाकरी
ताई, आता बोललात की!

स्कोअरर_ताई
नाव कुठे घेतलंय.

ओली_विकेट
ताई, माझ्या ७ मध्ये तर असं काही नाही ना?

स्कोअरर_ताई
तुम्ही आमच्या डिव्हिजनमध्ये नव्हता. आम्ही वरच्या. :)

माटुंगावासी
जबरदस्त. बरं, अवांतर : क्लब टिकले कशावर? नोकऱ्यांवर. बँका, टाटा, एसीसी, निर्लॉन, मफतलाल. टाइम्स शील्डसाठी, म्हणजे कंपन्यांच्या टीमांच्या स्पर्धेसाठी, कंपन्या खेळाडू ठेवायच्या, दुपारी दोनला सुटका करायच्या. वाडेकर स्टेट बँकेत, गावसकर निर्लॉनमध्ये. पगार चालू, घर चालू, म्हणून रविवारी क्लबला फुकट खेळणं परवडायचं. ती भरती आटली आणि चाळिशीतला क्लब खेळाडू ही जमातच गेली. आता एकवीसचा झाला आणि आयपीएलच्या लिलावात नाव नाही आलं की पोरगा बॅट विकून मोकळा.

पार्काची_लाल_माती
याला मात्र अनुमोदन. (स्क्रीनशॉट काढून ठेवा, माटुंगा आणि पार्क एकमत.)

वाडेकरांवरून आठवलं. एल्फिन्स्टनला सायन्सला होते, इंजिनिअर व्हायचं होतं. बसमध्ये शेजारचे बाळू गुप्ते भेटले. गुप्ते कॉलेजच्या टीममध्ये. म्हणाले, आमच्याकडे बारावा गडी नाही, येतोस का, तीन रुपये मिळतील. तीन रुपयांसाठी पाणी द्यायला गेलेला माणूस भारताचा कॅप्टन झाला. बारावा गडी म्हणून गेलेले किती जण पाणी देऊनच परत आले ते कोण मोजणार?

मिष्टर_पंच
बारावा गडी आणि थांबणं यावरून एकच नाव : अमोल मुझुमदार. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड ही शाळांची स्पर्धा. सचिन ३२६, कांबळी ३४९, ६६४ ची भागीदारी. पुढचा बॅट्समन पॅड बांधून बसलेला कोण? मुझुमदार. बॅटिंग आलीच नाही. पुढे रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत ११ हजारांच्या वर रन, आणि भारताकडून शून्य सामने. पॅड बांधले ते बांधलेच.

स्कोअरर_ताई
आणि नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत मुलींनी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा कोच तेच. पॅड सुटले म्हणायचे शेवटी. मी घरी एकटी रडत होते.

गुगली
ताई, जिंकलात. सचिनचे कोच आचरेकर सर, त्यांचेच विद्यार्थी आहेत मुझुमदार, म्हणजे परत पार्कच.

माटुंगावासी
सगळं पार्कावर कसं आणता हो? आचरेकर सरांचा कामत मेमोरियल वेगळा क्लब, जिमखाना वेगळा. सचिन कांगाला पहिल्यांदा उतरला तो अकराव्या वर्षी जॉन ब्राइटकडून. नेट पार्कात असलं म्हणून क्लब जिमखाना होत नाही. मघाशी कोल्हापूरकर तेच सांगत होते.

कोल्हापुरी_चप्पल
बराबर!

चिंचेची_सावली
सरांचं स्टंपवर ठेवलेलं एक रुपयाचं नाणं कोणी लिहिलं नाही अजून. नेटच्या शेवटी स्टंपवर रुपया, जो बॉलर आउट करेल त्याचा, नाबाद राहिलास तर तुझा. आमच्या कोचने हेच करून बघितलं. दुसऱ्या दिवशी नेटला बॅट्समन एक आणि बॉलर तेवीस.

गुगली
मूळ प्रश्नावर या. शिवलकरांना अजून कोणी खोडलेलं नाही. गावसकरांनी आपल्या आवडत्या खेळाडूंवर पुस्तक लिहिलं तेव्हा त्यात शिवलकर आणि हरियाणाचे राजिंदर गोयल दोघेही घेतले, दोघांच्या नावावर शून्य टेस्ट. दादर युनियनच्या माणसाने पार्काच्या बॉलरला दिलेला मान आहे हा. २०१७ मध्ये बीसीसीआयने दोघांना सी. के. नायडू पुरस्कार दिला. मार्च २०२५ मध्ये शिवलकर गेले.

माटुंगावासी
मान्य. शिवलकर मोठे. पण मी मार्शल पाटलांवरून हलणार नाही, कारण प्रश्न क्लबचा आहे. शिवलकरांची वाट बेदीने अडवली होती. माणसाला निदान सांगायला एक कारण होतं. जो माणूस टेस्टचा विचारही न करता वर्षानुवर्षं पावसात रविवारी सकाळी किटबॅग घेऊन लोकलमध्ये चढतो त्याला मी क्लबचा खेळाडू म्हणतो.

ओली_विकेट
हे पटलं. माझं मत मार्शलना.

पार्काची_लाल_माती
फितुरी! सात रनवाले तिकडेच जाणार.

कट्टेकरी
आतापर्यंतची मतं : शिवलकर ५, विठ्ठल पाटील ४, निंबाळकर २ (त्यातलं एक कोल्हापूर, एक पुणे, तरी एकत्र मोजलीत), मुझुमदार २, बाळू १.

भाच्याला काल हा धागा वाचून दाखवला. बुटाखालच्या बॉलवर दोनदा हसला. मग विचारतो, "मामा, तू कुठल्या क्लबात होतास?" म्हटलं, चाळीच्या. "तिकडे मालक कोण?" म्हटलं, ज्याची बॅट तो. हे मात्र लगेच कळलं.

या रविवारी त्याला घेऊन दडकर मैदानावर जाणार आहे. कोणी येतंय का?

स्कोअरर_ताई
येते. पेन्सिल आणते.

माटुंगावासी
साडेआठला गेटपाशी. वेळेवर.

रविवारची_भाकरी
इस्त्री करून यायचं का?

माटुंगावासी
हो.